जुनी गाडी देऊन नवी घेताना या चुका टाळा

बारा-चौदा वर्षे वापरलेली मोटार बदलायची असे घरात ठरले की चर्चा बहुधा रंग, मॉडेल आणि मायलेज यांवर रंगते. जुन्या गाडीचे काय करायचे हा प्रश्न मात्र ‘शोरूमवाले घेतीलच की’ एवढ्यावर संपतो. माझ्या मते नुकसानीची सुरुवात तिथेच होते. शोरूममध्ये आपण एकच व्यवहार करतो आहोत असे वाटते, परंतु त्या टेबलावर एकाच वेळी चार व्यवहार चाललेले असतात: जुन्या गाडीची विक्री, नव्या गाडीची खरेदी, कर्ज आणि विमा. विक्रेत्याला या चारही ठिकाणी मिळकत असते, त्यामुळे एकीकडे सोडलेले पैसे दुसरीकडे वसूल करणे त्याला सहज जमते. हे गैर आहे असे नाही, तो त्याचा धंदा आहे; आपण मात्र चारही आकडे वेगवेगळे लिहून घेतले पाहिजेत.

आमची 2012 सालची पेट्रोल हॅचबॅक पुण्यात बदलायला काढली, तेव्हा हीच चूक मी जवळजवळ केली होती. एका विक्रेत्याने जुन्या गाडीचे 1,80,000 रुपये देऊ केले आणि नव्या गाडीवर 20,000 रुपयांची सूट सांगितली. दुसऱ्याने जुन्या गाडीला दीडच लाख लावले, म्हणून त्याच्याकडून मी रागाने उठून आलो. घरी आल्यावर लक्षात आले की त्याने नव्या गाडीवर 60,000 रुपये सोडले होते, म्हणजे पहिल्याचे एकूण 2,00,000 आणि दुसऱ्याचे 2,10,000. जुन्या गाडीला जास्त भाव मिळाला की आपल्याला समाधान वाटते, कारण ती आपली असते; हिशेबात मात्र दोन्ही रकमांची बेरीजच मोजायची. यासाठी नव्या गाडीची किंमत आधी ‘एक्सचेंज नाही’ असे सांगून लेखी घ्यावी, जुन्या गाडीचा भाव बाहेरच्या दोन-तीन ठिकाणी काढावा आणि मगच शोरूममधील एक्सचेंजचा विषय उघडावा. ‘एक्सचेंज बोनस’ ही रक्कम जुन्या गाडीच्या भावात मिसळून सांगितली जाते. कंपनीचा बोनस किती आणि गाडीची किंमत किती, हे दोन ओळींत वेगळे लिहून मागावे. गाडी बाहेर विकूनही हस्तांतरणाचा पुरावा दिल्यास बोनस मिळेल का, हेही विचारून ठेवावे. काही ठिकाणी मिळतो.

भाव काढताना शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेली रक्कम प्रमाण मानू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील जीएसटी 28 टक्के अधिक उपकर यावरून 18 टक्क्यांवर आला आणि नवी गाडी स्वस्त झाली की तिच्या जुन्या भावंडांचे भावही खाली येतात. शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीच्या खरेदी-विक्रीतील फरकावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर तो लागत नाही. ओळखीतला थेट ग्राहक शोरूमपेक्षा जास्त देऊ शकतो, यामागे व्यापाऱ्याच्या नफ्याइतकेच हेही कारण आहे.

भाव वाढावा म्हणून विक्रीपूर्वी नवे टायर घालणे किंवा पूर्ण रंगकाम करून घेणे ही खर्चिक चूक आहे. त्या खर्चाची भरपाई क्वचितच होते आणि ताजा रंग दिसला की गाडी पाहायला आलेला माणूस उलट अधिक संशयाने पाहू लागतो. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारे यंत्र असते. तो डिकीतील स्टेपनी काढून खालचा पत्रा बघतो, बॉनेटचे बोल्ट उघडले गेले आहेत का ते तपासतो आणि पिलरवर हात फिरवतो. ठोकलेली गाडी लपत नाही. त्यापेक्षा सर्व्हिसिंगची बिले, दुसरी किल्ली, चालू पीयूसी आणि आतून-बाहेरून स्वच्छ धुतलेली गाडी एवढी तयारी पुरते. दुसरी किल्ली नसेल तर काही हजार रुपये कापले जातात, तेव्हा ती कपाटात शोधावी.

कागदपत्रांची तयारी मात्र गाडी दाखवण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी, कारण सौदा बहुतेक वेळा इथेच अडतो. कर्ज कधीच फिटले, म्हणून गाडी मोकळी झाली असे अनेकजण समजतात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, मात्र बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरवण्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना 35 आरटीओकडे जावा लागतो. 2012 साली देना बँकेतून कर्ज घेतलेल्या माणसाची गंमत अशी की आरसीवर त्या बँकेचे नाव आहे आणि ती बँक 1 एप्रिल 2019 रोजी विजया बँकेसह बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आता पत्र बडोदा बँकेच्या शाखेतून काढावे लागते आणि तिथे जुने खाते शोधण्यात दिवस जातात. गाडी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर आधी नमुना 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते. ‘पुढे विकतानाच बघू’ असे म्हणून हे काम वर्षानुवर्षे पडून राहते, आणि नेमके शोरूमवाला भाव देऊन बसलेला असताना घरातील सगळ्यांच्या सह्या गोळा करण्याची धावपळ होते. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर महाराष्ट्रात आरटीओची कामे अडवली जातात, आणि थकीत ई-चलनांची रक्कम खरेदीदार भावातूनच वजा करतो.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले असून त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीचा खर्च वेगळा असतो. मुदत संपायला पाच-सहा महिने उरले असताना गाडी काढली, तर खरेदीदार हा सगळा खर्च, आणि त्यासाठी होणाऱ्या मनस्तापाचा मोबदलाही, तुमच्याकडून कापून घेतो. मुदतीपूर्वी वर्ष-दीड वर्ष असताना विकणे म्हणूनच फायद्याचे. या ठिकाणी दलाल आणखी एक भीती घालतात: ‘डिझेल गाडी दहा वर्षांत बंद होणार आहे.’ दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते आहेत. महाराष्ट्रातील गाडीचा भाव त्या धाकाने पाडून घेऊ नये.

गाडी खरोखरच टाकाऊ झाली असेल तर ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नये. पत्रा तुटतो, पण सरकारी नोंदीत तुमच्या नावावर गाडी जिवंत राहते. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिल्यास ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते. ते दाखवल्यास नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करातही सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत खाजगी वाहनांसाठी ही सवलत 25 टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष दर राज्य ठरवते, म्हणून तो आरटीओत विचारूनच हिशेब करावा.

आता नव्या गाडीचा कागद. ‘ऑन रोड’ हा एकच गोल आकडा मान्य करू नये. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 11 टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत 12 टक्के आणि त्यावर 13 टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर हा कर 88,000 रुपये येतो. ‘आरटीओ’ या शीर्षकाखाली 1,05,000 लिहिले असतील तर उरलेले 17,000 कशाचे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ‘हँडलिंग चार्जेस’, ‘एसेन्शियल किट’, टेफ्लॉन कोटिंग या ओळी बहुधा ठामपणे विचारले की नाहीशा होतात. दहा लाखांहून महाग गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतला जातो; तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात तो परत मागता येतो, पण अनेकजण विसरतात.

मुहूर्ताचा हट्ट हाही सौद्यातला कच्चा दुवा आहे. दसऱ्याला गाडी दारात हवीच, हे एकदा विक्रेत्याला कळले की घासाघीस संपली. पितृपंधरवड्यात शोरूम ओस असतात. त्या दिवसांत बसून भाव ठरवावा, टोकन द्यावे आणि गाडी हवी तर घटस्थापनेला आणावी. घरातल्या वडीलधाऱ्यांचाही मान राहतो. डिसेंबरमधील सवलती खऱ्या असतात, परंतु त्यांतील बऱ्याच गाड्या सरत्या वर्षाच्या किंवा त्याहून जुन्या असतात. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष दोन्ही येतात आणि पुढे विकताना वर्षच पाहिले जाते. म्हणून नोंदणी होण्यापूर्वी यार्डात जाऊन गाडी प्रत्यक्ष पाहावी आणि निर्मितीचा महिना तपासावा. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही.

कर्जाच्या बाबतीत एवढेच विचारावे: व्याज ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ कर्जाच्या पूर्ण रकमेवर, आहे की हप्त्यागणिक घटत्या शिलकीवर? पाच लाखांवर 7 टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचा हप्ता 11,250 रुपये येतो आणि तो घटत्या शिलकीवरील सुमारे साडेबारा टक्क्यांइतका पडतो. बँकेचे 9 टक्के ऐकायला जास्त वाटतात, पण तिथे तोच हप्ता सुमारे 10,380 रुपये असतो.

विम्यातील चूक तर निव्वळ माहितीअभावी होते. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता 50 टक्के कमी होतो आणि ही सवलत नव्या गाडीवर नेता येते. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते. नव्या गाडीचा हा हप्ता 20,000 रुपये असेल तर 10,000 इथेच वाचतात. शोरूममधून विमा घेण्याची सक्ती नाही, आणि ‘बाहेरचा विमा घेतला तर सूट मिळणार नाही’ असे कोणी म्हणाले तर ते लेखी मागावे. लेखी सहसा मिळत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक शेवटच्या दिवशी होते. नव्या गाडीला हार घातलेला असतो, पेढे वाटले जात असतात, आणि त्या गडबडीत कोणीतरी जुन्या गाडीच्या कोऱ्या नमुना 29 आणि 30 वर, म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या अर्जांवर, सह्या घेऊन जातो. मीही केल्या. चार महिन्यांनी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर माझ्या खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला. काचेवरचा फास्टॅग मी काढलाच नव्हता, आणि आरसीवर नाव अजून माझेच होते. टोलचे पैसे किरकोळ होते. पण ती गाडी चालवणाऱ्याने कोणाला धडक दिली असती तर? आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. गाडी मधल्या काळात किती हातांतून गेली याने फरक पडत नाही.

म्हणून ताबा देताना खरेदीदाराचे पूर्ण नाव, तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली, सही-शिक्क्याची ताबापावती घ्यावी. आधारच्या प्रतीवर ‘केवळ या वाहनाच्या हस्तांतरणासाठी’ असे लिहून गाडीचा क्रमांक टाकावा. गाडी घेणारा अधिकृत नोंदणी असलेला जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल, तर एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार नमुना 29सी द्वारे त्याच्याकडे ताबा गेल्याची नोंद ऑनलाइन करता येते, आणि गाडी पुढे विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर येते. अशी नोंदणी असलेला व्यापारी दोन-तीन हजार कमी देत असला तरी मी त्यालाच गाडी देईन.

गाडी देऊन महिने लोटले आणि नाव बदललेले नाही असे आज लक्षात आले असेल, तरी हात टेकण्याची गरज नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते; उशीर झाला असला तरी परिवहन संकेतस्थळावरून आणि प्रत्यक्ष कार्यालयात ताबापावतीसह कळवून पोच घ्यावी. ज्या शोरूमला गाडी दिली त्याला ठरावीक मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. माझ्या बाबतीत पत्र पोहोचल्यावर अकराव्या दिवशी नाव बदलले. तोवर मी एम-परिवहन ॲपवर रोज सकाळी जुन्या गाडीचा क्रमांक टाकून मालकाच्या नावाची अर्धवट झाकलेली अक्षरे पाहत होतो. ती अक्षरे बदलली, तेव्हा मी तो क्रमांक तपासणे थांबवले.