सौर पॅनेल किती किलोवॅटचे घ्यावे?
विक्रेता सांगेल तेवढी सौर यंत्रणा बसवली, तर पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त पैसे गुंतून पडतात. त्याऐवजी महावितरणच्या बिलांवरून मागील १२ महिन्यांच्या युनिटची बेरीज करून तिला १,४०० ने भागावे, कारण महाराष्ट्रात सावली नसलेल्या गच्चीवर १ किलोवॅटपासून वर्षाला साधारण तेवढी वीज मिळते. म्हणजे २,८०० युनिटला २ किलोवॅट पुरतात. गच्चीवरच्या टाकीची सावली डिसेंबरात सर्वांत लांब पडते, म्हणून पॅनेलची जागा त्या सावलीवरून ठरवावी. गीझरच फार वीज खात असेल, तर आधी सौर बंब बसवावा आणि मग हा हिशेब करावा. नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना परत दिलेली वीज मोजणारा, फरकाचे बिल करणारा मीटर) असून वीज क्वचितच जात असेल, तर बॅटरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बॅटरीविना ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर भर उन्हातही बंद पडते, हे लक्षात ठेवावे.