एप्रिल उजाडला की आधी एलयूटी भरा

पैठणी, गोधड्या, मसाले ऑनलाइन विकून परदेशी पाठवत असाल, तर नवं आर्थिक वर्ष लागताच जीएसटी पोर्टलवर आरएफडी-11 फॉर्म भरून टाका. हेच एलयूटी, म्हणजे हमीपत्र. ते असलं की निर्यातीच्या मालावर आयजीएसटी (परराज्यात किंवा परदेशी विकलेल्या मालावरचा जीएसटी) भरावा लागत नाही. नसेल तर आधी कर भरा, मग परताव्याची वाट बघा; छोट्या धंद्याचं खेळतं भांडवल तिथेच अडकतं. फी नाही, पण गेल्या वर्षीचं एलयूटी यंदा चालत नाही.

बिलावरही ‘एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता निर्यात’ या अर्थाची ओळ लागते. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कायमची बसवून ठेवा.

एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर आयईसी, म्हणजे तुमचा आयात-निर्यात कोड, कन्फर्म करा, काहीही बदललं नसलं तरी. नाही केलं तर तो निष्क्रिय होऊ शकतो.

आणि आपल्या देशातली आयात ड्युटी वाचवायला ग्राहकाने कितीही गळ घातली तरी विकलेल्या मालावर ‘गिफ्ट’ लिहू नका. ते सरळसरळ खोटं डिक्लरेशन आहे. शिवाय बँकेत आलेले डॉलर आणि कागदावरची किंमत जुळली नाही, की खुलासे देता देता नाकी नऊ येतात. तिकडची ड्युटी कोण भरणार, हे ऑर्डर घेतानाच लेखी सांगा.