दुधाची दाढ किडली तर: माझ्या लेकीच्या दाढेवरून सांगते

पोळीचा घास ती सारखा डावीकडे ढकलायची. उजवीकडची खालची, सगळ्यांत मागची दाढ किडलीय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं ते रात्री दोन वाजता, गाल धरून रडत उठली तेव्हा. वय ४ वर्षं.

"दुधाचीच आहे, पडेल की," असं घरात सगळे म्हणाले. एका दवाखान्यातही तेच ऐकलं आणि दोन महिने वाया गेले. म्हणून आधी हिशोब करा. पुढचे दात सहा-सात वर्षांचं मूल झालं की पडतात, पण मागची दुधाची दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत लागते. लेकीला त्याच दाढेवर अजून निदान सहा वर्षं जेवायचं होतं. ती आधीच काढली, तर सहाव्या वर्षी मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालच्या नव्या दाताची जागा खाते.

रात्री दुखलं तर अडकलेला घास ब्रशने हलकेच काढा, कोमट पाण्याने चूळ भरायला लावा, आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. लवंगेचं तेल नको, कोवळी हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हिरडीवर पुळी आली आणि दुखणं थांबलं, तर निर्धास्त होऊ नका. बहुधा आतली नस मेलेली असते.

शक्यतो लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर गाठा. एक्स-रे पाहून एकच प्रश्न विचारा: कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय का? नसेल पोचली, तर सिमेंट भरून भागतं किंवा वर स्टीलची कॅप बसवतात. मूल खुर्चीत बसतच नसेल, तर कीड थांबवणारं चांदीचं औषध लावता येतं. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच माहीत असू द्या. कीड आतल्या नसेपर्यंत गेली असेल, तर आजारी नस काढून औषध भरतात, वर कॅप. आमचं हेच झालं. दाढ वाचण्यापलीकडे असेल तर काढावी लागते. तेव्हा जागा राखणारी तार बसवायची का, हे नक्की विचारा.

सकाळची वेळ घ्या, मूल ताजंतवानं असतं. "सुई", "दुखणार नाही" हे शब्द घरात काढूच नका. आम्ही आठवडाभर आरशासमोर चमच्याने दात मोजायचा खेळ खेळलो. उपचारानंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो, तेवढा वेळ खायला देऊ नका आणि डोळ्यांसमोर ठेवा. मुलं गंमत म्हणून ओठ चावतात आणि जखम करून घेतात.

कीड कशाने लागली, हे मला मान्य करावंच लागलं: झोपताना दुधाची बाटली. ती बंद केली. रात्रीचा ब्रश मीच करते, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन (३ वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच). दोन दाढांच्या फटीत फ्लॉसचा दोरा फिरवते, कारण आमची कीड तिथूनच शिरली होती.

लेक आता साडेपाच वर्षांची आहे. कॅपच्या मागे हिरडी थोडी फुगलीय, कायमची दाढ येतेय. रोज रात्री टॉर्च लावून मी आधी तिथेच बघते.