जीपीएसची उंची अशी जुळवली

पावसाळ्यात कळसूबाईच्या माथ्यावर माझा हातातला जीपीएस १७०० च्या वर आकडा दाखवायचा. शिखर १६४६ मीटर! नकाशावरचा ठिपका मात्र अचूक. म्हणजे सॅटेलाइट ठीक, घोळ हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या आतल्या बॅरोमीटरचा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की यंत्राला वाटतं आपण आठ-नऊ मीटर चढलो. आणि आषाढात दाब उतरलेलाच असतो. आता पायथ्याच्या बारी गावातून निघताना टोपोशीटवरची (उंची दाखवणाऱ्या नकाशावरची) तिथली उंची अल्टिमीटर कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे यंत्रातली उंची जुळवायच्या मेनूत टाकतो, वाटेत उंची माहीत असलेली जागा आली की पुन्हा. धुक्यात कंटूर (नकाशावरची समान उंचीची रेषा) धरून आडवं जायचं तर हे हवंच. ऑटो कॅलिब्रेशन चालू असतं, पण त्यावर माझा फारसा भरवसा नाही. आणि हो, लिथियमचे सेल घातलेत तर मेनूतही सेलचा प्रकार बदला. नाहीतर चार्जचा अंदाज चुकतो.