जगातल्या मोठ्या शहरांची क्रमवारी लावताय? या चुका टाळा

गेल्या गणपतीत आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मुलांनी मंडळाच्या भिंतीवर जगातल्या महत्त्वाच्या शहरांचा तक्ता लावायचं ठरवलं. तिघं तीन याद्या घेऊन आले. एकीत पहिलं लंडन, दुसरीत न्यूयॉर्क, तिसरीत व्हिएन्ना. "काकू, यातली खरी कोणती?"

तिन्ही खऱ्या होत्या. मुलांनी नावं उतरवून घेतली होती, पण यादी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे पाहिलंच नव्हतं. भूगोल शिकवताना मला सगळ्यात जास्त भेटलेली चूक हीच.

व्हिएन्ना आलं होतं इकॉनॉमिस्ट समूहाच्या राहण्याजोग्या शहरांच्या यादीतून. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं ते तिथे पहिलं होतं. ती यादी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सोयी एवढंच बघते. जगावर त्या शहराचा किती प्रभाव आहे, हे ती विचारतच नाही. लंडन होतं टोकियोच्या मोरी फाउंडेशनच्या यादीतलं. तिच्यात अर्थव्यवस्था, संशोधन, सांस्कृतिक देवाणघेवाण, राहणीमान, पर्यावरण आणि दळणवळण अशी सहा अंगं मोजतात, आणि २०१२ पासून लंडन तिथे पहिलं आहे. न्यूयॉर्क केर्नी या सल्लागार कंपनीच्या यादीतलं. तिथे राजकीय सहभागालाही गुण असतात. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर आधी प्रश्न लिहा, मग शहरांची नावं. तीन याद्यांची सरासरी काढून चौथी बनवू नका, तिला कुठलाच अर्थ उरत नाही.

शहराची हद्द न ठरवता आकडे घेणे

दिल्ली मोठी की मुंबई? २०११ च्या जनगणनेत दिल्ली राज्याची लोकसंख्या सुमारे १.६८ कोटी आणि बृहन्मुंबई महापालिकेची १.२४ कोटी. म्हणजे दिल्ली मोठी. पण त्याच जनगणनेत ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून मुंबईचा सलग नागरी पट्टा १.८४ कोटी भरतो आणि दिल्लीचा १.६३ कोटी. म्हणजे मुंबई मोठी! आकडे दोन्हीकडचे बरोबर आहेत. चूक होते ती एका शहराची महापालिका आणि दुसऱ्याचा पट्टा शेजारी ठेवला की. चीनचं चोंगचिंग तर कागदावर जवळपास ऑस्ट्रियाएवढं आहे, त्यात शेतंही आली आणि डोंगरही. सगळ्या शहरांना एकच व्याख्या लावा, आणि ती तक्त्याच्या तळाशी लिहा.

राजधानी म्हणजे मोठं शहर, हा समज आपल्या इंदूरकरांना तरी नसावा. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला, तरी व्यापार इथे. स्वित्झर्लंडची राजधानी बर्न पण मोठं शहर झुरिक, ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबरा पण मोठं शहर सिडनी, त्यांचंही तसंच.

शहरात काय आहे तेच मोजणे, ते कुणाशी जोडलेलं आहे हे सोडून देणे

इथे थोडं थांबा, कारण सगळं मर्म इथे आहे. इमारती, लोकसंख्या, विमानतळाचे प्रवासी हे शहराचं आकारमान झालं. प्रभाव हा दोन शहरांच्या मधला असतो. जिनिव्हाची वस्ती जेमतेम दोन लाख, पण संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्यालय, रेड क्रॉस आणि जागतिक व्यापार संघटना तिथे आहेत. किन्शासाची वस्ती कोटीच्या वर, तरी जगाच्या निर्णयांत त्याचं नाव क्वचितच येतं.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात १९९८ मध्ये पीटर टेलर यांनी उभा केलेला अभ्यासगट हेच नातं मोजतो. हिशेबतपासणी, जाहिरात, बँकिंग, कायदा, व्यवस्थापन सल्ला या क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्यांची कार्यालयं कुठे आहेत आणि केवढी आहेत, यावरून शहरं एकमेकांशी किती जोडलेली आहेत ते काढतात. शहरांचे अल्फा, बीटा, गॅमा हे उतरत्या क्रमाचे वर्ग त्यांचेच. अगदी वर फक्त लंडन आणि न्यूयॉर्क, मुंबई अल्फात. पण अल्फा म्हणजे चांगलं शहर नव्हे. तिथलं पाणी, हवा, घरभाडं या मोजणीत कुठेच नाही. आणि वर्गांना १, २, ३ असे नंबर देऊ नका.

'जागतिक शहरे' हा शब्द १९१५ मध्ये वापरणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस पुढे होळकर दरबारासाठी इंदूरला आले आणि १९१८ मध्ये त्यांनी आपल्या शहराच्या आखणीचा दोन खंडांचा अहवाल दिला, हे मुलांना सांगताना मला फार आनंद होतो. इंदूर तेव्हाही एकटं नव्हतं. त्याआधीच्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती. आज देशभरातले सोयाबीनचे व्यापारी इंदूरचा भाव विचारतात. वकील आणि हिशेबनिसांच्या कार्यालयांवरून केलेल्या यादीत हा धागा दिसणार नाही. तुमच्या विषयाला तो हवा असेल, तर तो वेगळा मोजा.

उत्तर विचित्र आलं तर

तुम्ही स्वतः गुण देऊन यादी केली आणि एकच शहर सगळ्यांच्या मैलभर पुढे गेलं असेल, तर बहुतेक एखादा कच्चा आकडा बाकीच्यांना दाबतोय. विमानप्रवाशांची बेरीज थेट गुणांत घातली की असं होऊ शकतं. त्या निकषात आकड्याऐवजी क्रमांक वापरून पाहा. विमानं, हॉटेलं आणि पर्यटक तिन्ही घेतले असतील, तर एकच गोष्ट तीनदा मोजली गेली, एक ठेवा. मग प्रत्येक निकषाचा भार, म्हणजे एकूण गुणांतला त्याचा वाटा, थोडा कमी-जास्त करा. त्याने पहिली पाच नावं उलटीपालटी होत असतील, तर नंबर देण्याऐवजी गट पाडा.

आणि एखादं शहर अचानक खाली गेलेलं दिसलं, तर घाईने बातमी करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात सर्वांत मोठं शहर टोकियो होतं. २०२५ मध्ये ते जकार्ता झालं आणि टोकियो तिसरं. नागरी वस्तीची व्याख्याच बदलली होती. आपल्याकडे २०२४ च्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत अहमदाबाद पहिलं आल्यावर "इंदूर घसरलं" असं कितीतरी जणांनी मला सांगितलं. इंदूरला त्या वर्षी सुपर स्वच्छ लीग या वेगळ्या गटात ठेवलं होतं, त्या यादीत ते नव्हतंच. आधी मागच्या वर्षीची व्याख्या, गट आणि शहरांची संख्या काढा. ती तीच असतील, तरच 'घसरलं' हा शब्द लिहा.