ठाण्यात बेघरांची मोजणी: रात्रीची तयारी आणि दुसऱ्या रात्रीचा ताळा

बेघरांच्या मोजणीत आकडा नेहमी खालच्या बाजूलाच चुकतो. माणूस दोनदा मोजला जाण्यापेक्षा मुळीच न दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून निम्म्याहून जास्त मेहनत मोजणीच्या रात्रीआधीच करावी लागते.

आधी कोणाला मोजायचं ते लेखी ठरवा. जनगणनेची व्याख्या इथे कामाला येते: रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपात, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणारे ते बेघर. झोपडपट्टी यात येत नाही. अडचण येते ती मधल्यांची. रिक्षात झोपलेला चालक, दुकानाच्या पायरीवरचा रखवालदार, बांधकामावरच्या खोलीतला मजूर यांचं काय? अशांना एकच प्रश्न विचारा: ‘या शहरात रात्री पाठ टेकायला हक्काची जागा आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर नोंद करा.

मग जागांचा नकाशा. तो कचेरीत बसून होत नाही. पहाटेचे सफाई कामगार, स्टेशनबाहेरचे चहावाले, सार्वजनिक शौचालय सांभाळणारे, रात्रपाळीचे रिक्षावाले यांना विचारा. स्टेशन पश्चिमेचा सॅटिस पूल, पूर्वेला कोपरी, तलावपाळी, तीन हात नाका, नितीन कंपनी आणि कॅडबरीचे उड्डाणपूल ही नावं कोणीही सांगेल. खरी माहिती दिवसा खुणांतून मिळते: झाडाच्या बेचक्यात खोचलेलं गाठोडं, कठड्यामागे घडी घालून ठेवलेले पुठ्ठे, काळवंडलेले तीन दगड. खूण दिसली की जागेला क्रमांक द्या. मग दोन तासांत पायी संपेल एवढा टापू एका गटाला नेमून द्या. टापूची हद्द रस्त्याच्या मधोमध ठेवू नका, दोन्ही फुटपाथ एकाच गटाकडे हवेत. कोपरी आणि चेकनाक्याकडे पलीकडे मुलुंड म्हणजे मुंबईची हद्द लागते, तिथे कुठवर जायचं ते आधीच ठरवून घ्या.

फलाटांसाठी रेल्वेची लेखी परवानगी लागते, ती महिनाभर आधी मागा. स्थानिक पोलीस ठाण्यालाही पत्र द्या, पण गटासोबत पोलीस नकोत. भिक्षा प्रतिबंधाचा १९५९चा कायदा राज्यात आहे. उचलून नेतील ही भीती त्यातूनच येते, आणि खाकी दिसली की अर्धी जागा रिकामी होते. त्याहून मोठं नुकसान अतिक्रमण विभागाच्या कारवाईने होतं. मोजणीआधी पंधरा दिवस त्या टापूत कारवाई होणार नाही, असं महापालिकेकडून लिहून घ्या. नाहीतर नकाशा वाया जातो.

गट तीन-चार जणांचा असावा. त्यात एक तरी बाई, आणि एक जण स्वतः रस्त्यावर राहिलेला. त्याला मेहनताना द्यायलाच हवा, कारण वळणापलीकडची जागा त्यालाच ठाऊक असते. रात्र आठवड्याच्या मधली निवडा. दिवाळी, होळीच्या आसपास मजूर गावी जातात, ते दिवस टाळा. शक्य असेल तर एक फेरी जानेवारी-फेब्रुवारीत आणि दुसरी जुलैत करा. पावसात माणसं पुलाखाली, छपराखाली सरकतात आणि कोरड्या दिवसांचा नकाशा उपयोगी पडत नाही.

मुख्य मोजणी शेवटची लोकल गेल्यावर, साधारण दीड ते चार या वेळेत, सगळ्या टापूंत एकदम. झोपलेल्याला उठवायचं नाही. बॅटरीचा झोत जमिनीवर, चेहऱ्यावर कधीही नाही. फोटो नाही. एका चादरीखाली आई आणि दोन मुलं असतात, तिथे घाईत ‘एक’ लिहिलं जातं. दोन पावलं थांबून चादरीबाहेरचे पाय, लहान चपला पाहा. कळलंच नाही तर ‘अस्पष्ट’ लिहा, अंदाज नको.

एकट्या बायका मात्र या वेळेत फारशा सापडत नाहीत. कित्येक जणी रात्र जागून काढतात आणि दिवसा झोपतात. कळव्याच्या महापालिका रुग्णालयाचं आवार, अन्नदानाच्या रांगा, शौचालयं इथे पुढचे दोन दिवस बाई कार्यकर्तीनेच बोलायला हवं. ही पायरी गाळलेला अहवाल स्वीकारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

किती जण सुटले याचा अंदाज दुसऱ्या रात्रीशिवाय येत नाही. निवडक जागांवर दोन्ही रात्री साडेदहा ते बारा, लोक जागे असताना, संमती घेऊन बोला. जागा क्रमांक, नावाचं पहिलं अक्षर, अंदाजे वय, बाई की पुरुष एवढंच टिपा. पहिल्या रात्री १८०, दुसऱ्या रात्री १६० आणि दोन्हींत तेच १२० भेटले, तर दुसऱ्या रात्रीच्यांपैकी पाऊण जण आधी भेटलेले होते, म्हणजे पहिल्या रात्रीही एकूण लोकांतले पाऊणच भेटले असं धरायचं: १८० गुणिले १६० भागिले १२०, म्हणजे अंदाज २४०. त्याच जागांवर मुख्य मोजणीत २०० मोजले गेले असतील तर सहांत एक सुटतोय. जुळवणी नीट हवी: १२०ऐवजी १०० जुळले असं धरलं तर आकडा थेट २८८ होतो. दोन रात्रींत दोनच दिवसांचं अंतर ठेवा, जास्त झालं तर माणसं पांगतात. न्यूयॉर्कमध्ये यासाठी काही जणांना मुद्दाम रस्त्यावर बसवतात आणि गटांना त्यांतले किती सापडले ते तपासतात. आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे.

अहवालात पाहिलेले, बोललेले आणि अंदाजलेले हे तीन आकडे वेगळे द्या. नाव, आधार क्रमांक, नेमकी जागा असलेली यादी कोणत्याही खात्याला देऊ नका, प्रभाग समितीनिहाय बेरीज पुरे. निवाऱ्याच्या मागणीसाठी तीच लागते: लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असा निकष आहे, आणि २०११च्या जनगणनेत शहर १८ लाखांचं होतं, म्हणजे किमान १,८०० जणांची सोय. निवारा कोणत्या भागात हवा आणि त्यात कुटुंबांना खोली हवी का, हे त्या बेरजेवरूनच ठरवता येतं.