विद्यापीठाच्या रेडिओवर कबड्डीचे समालोचन कसे करावे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारख्या केंद्रावर कबड्डीचे धावते समालोचन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, श्रोत्याला मैदान दिसत नाही, त्यामुळे चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे वळला की उजव्या, त्याने निदानरेषा (चढाईत ओलांडावी लागणारी प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणातली रेषा) ओलांडली का आणि समोर किती बचावपटू उरले आहेत, हे प्रत्येक चढाईत सांगावेच लागते. चढाई अवघी ३० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात विशेषणांची आतषबाजी करण्यापेक्षा (नवोदितांना तिचा मोह फार असतो) ‘समोर तिघेच, पकड झाली तर दोन गुण’ एवढेच म्हटले, तरी चुरस आपोआप उभी राहते. दर दोन-तीन चढायांनंतर गुणसंख्या सांगावी, कारण मध्येच रेडिओ लावणारा कोणी ना कोणी असतोच.

खेळाडूंची नावे व क्रमांक सामन्यापूर्वीच प्रशिक्षकांकडून उच्चारांसह लिहून घ्यावेत. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. प्रेक्षकांच्या आवाजासाठी शक्य असल्यास दुसरा ठेवावा. झटापट मध्यरेषेवर झाली असेल, तर पंचांचा हात वर होईपर्यंत गुण जाहीर करू नये, आणि लोण चढल्यास (म्हणजे एखादा संघ पूर्ण बाद झाल्यास) त्याचे दोन जादा गुण वेगळे सांगावेत.